मंगळवारी लूव्र बंद असतं

जानेवारी ते मार्च २०२४ या तीन महिन्यांत मी नागपुरातल्या एका टूरवाल्याला ३,७८,००० रुपये दिले. युरोप काही झालं नाही. आजवर १,१०,००० परत आलेत, तेही पोलिसांत तक्रार गेल्यावर, तुकड्यातुकड्यांनी. बाकीच्या पैशांसाठी ग्राहक आयोगात तारखा चालू आहेत, म्हणून त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही. पण त्याने हे कसं केलं ते सगळं सांगणार आहे. माझ्यासारखं जे कुणी एकटं आहे आणि ‘लहान ग्रुप’ शोधतं आहे, त्याने हे पैसे भरण्याआधी वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर आल्प्स काढला, ऱ्हाइन काढली, इटलीचा बूट काढला. आई होती तोवर तिला सोडून चार दिवसही कुठे जाता आलं नाही. ती गेली तेव्हा मी ५९ वर्षांची होते. लग्न केलेलं नाही. बहीण रायपूरला, तिचे गुडघे दुखतात. मैत्रिणी नातवंडांत गुंतलेल्या. जायचं तर एकटीनेच जायचं होतं.

मोठ्या कंपन्यांच्या टूर आधी पाहून झाल्या होत्या. ४०-४५ जणांची बस, त्यात बहुतेक जोडपी आणि कुटुंबं. खोली दोघांत. एकटीला स्वतंत्र खोली हवी तर वेगळे पैसे, आणि ते थोडेथोडके नसतात. पण पैशांपेक्षा मला दुसरीच धास्ती होती. रोज रात्री कुठल्या तरी कुटुंबाच्या टेबलाशी उभं राहून ‘इथे बसू का’ असं विचारावं लागेल, परक्या गावात ताप आला तर बस आपल्याला सोडून पुढे जाईल, असं मनात येई. हे सगळं मी त्या माणसाला पहिल्याच भेटीत बोलून दाखवलं. पुढे त्याने मला जे जे विकलं, ते याच बोलण्यातून घेतलेलं होतं.

वर्धा रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारी त्याचा कार्यक्रम होता. पडद्यावर टिटलिसची फिरती केबल कार, व्हेनिसचे कालवे. बाहेर चहा आणि सांबारवडी. “ताई, एकट्यांसाठीच काढून राहिलो आपण हा ग्रुप,” तो म्हणाला. “बाराच्या वर तेरावा माणूस घेणार नाही. महालक्ष्म्या आटोपल्या की निघू, म्हणजे घरचंही काही अडत नाही.” १४ सप्टेंबरला नागपूरहून दोहामार्गे पॅरिस, मग स्वित्झर्लंड, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, आणि २५ तारखेला परत. भाव ३,६०,०००. ३१ मार्चच्या आत पूर्ण पैसे भरले तर स्वतंत्र खोली फुकट.

इथेच गणित करायला हवं होतं. गाडी, तिचा ड्रायव्हर, सोबत राहणारा टूर मॅनेजर, गावोगावचे गाईड, हा खर्च माणसं ४५ असोत की १२, फारसा कमी होत नाही. तो बारा जणांत वाटला की माणशी जास्तच येतो. त्यावर प्रत्येकाला वेगळी खोली, म्हणजे हॉटेलचा खर्च जवळजवळ दुप्पट. तरीही याचा भाव मोठ्या बसच्या टूरएवढाच. खरा लहान ग्रुप महागच असतो. हे मला नंतर दुसऱ्या एका टूरवाल्या बाईंनी पाच मिनिटांत समजावून सांगितलं.

पहिले ६०,००० भरल्यावर त्याने मला व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. आम्ही बरोबर बारा जण. अमरावतीचं एक डॉक्टर जोडपं, वर्ध्याचे एक निवृत्त पोस्टमास्तर आणि पुण्याच्या एक काकू, निवृत्त प्राध्यापिका, माझ्यासारख्याच एकट्या. काकूंचा रोज सकाळी मेसेज यायचा. थंडी किती असेल, थर्मल कुठून घ्यायचे, गुडघ्याला कोणता पट्टा बरा. एकदा त्यांनी मला वेगळा मेसेज केला: ‘रोमला आपण दोघी मिळून फिरू. मी पूर्ण पैसे भरले आज, तुम्हीही भरून टाका, खोली हातची जायची.’ दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेले. दीड लाखाचा हप्ता आधी गेला होता, त्या दिवशी दुसरा दीड लाख गेला. फोनवर बोलू या म्हटलं की काकूंचा घसा बसलेला असायचा, नाहीतर त्या देवळात असायच्या. मला कधीच संशय आला नाही.

पैसे गेले त्याच्या स्वतःच्या बचत खात्यात. कंपनीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, असं त्याने सांगितलं. परदेशी टूरच्या पॅकेजवर तेव्हा सात लाखांपर्यंत ५ टक्के टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आधीच घेऊन ठेवायचा आयकर, लागायचा, म्हणून वर १८,००० यूपीआयने घेतले. कायद्याने लागणारा कर तो मागत होता, त्यामुळे माझा विश्वास उलट वाढला. पावती लेटरहेडवर होती, खाली सही आणि शिक्का, वर जीएसटी क्रमांक. तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही तपासता येतो, लॉगिनही लागत नाही. मी जुलैमध्ये तपासला. नोंदणी रद्द झालेली होती.

एप्रिलमध्ये मी तिकिटाबद्दल विचारलं, तर त्याने सहा अक्षरांचा पीएनआर पाठवला. विमान कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला, माझं नाव आलं. त्या संध्याकाळी मी शेजारी पेढे वाटले. पीएनआर म्हणजे नुसती नोंद, हे मला ठाऊक नव्हतं. पैसे न भरता एजंट जागा काही काळ धरून ठेवू शकतो. मुदत संपली की ती आपोआप सुटते. तिकीट खरोखर काढलं असेल तर त्यावर १३ आकडी ई-तिकीट क्रमांक असतो. तो मागा. आणि पीएनआर एकदा पाहून थांबू नका, दर पंधरा दिवसांनी पाहा.

सगळं उघडं पडलं ते जुलैत, रिटर्न भरताना. माझे सीए म्हणाले, “मॅडम, १८,००० चा टीसीएस म्हणताय, पण २६एएसमध्ये काहीच दिसून नाही राहिलं.” २६एएस म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा. टीसीएस घेणाऱ्याने तो गिऱ्हाइकाच्या पॅनवर सरकारजमा करायचा असतो आणि दर तिमाहीला त्याचं विवरण द्यायचं असतं. जानेवारी ते मार्चच्या विवरणाची मुदत १५ मे. म्हणजे जुलैत तो दिसायलाच हवा होता. मी घरी येऊन पीएनआर टाकला. अशी नोंद नाही, असं उत्तर आलं.

त्या रात्री मी त्याने दिलेला कार्यक्रमाचा रंगीत कागद काढला आणि तीन महिने भिंतीला लावून ठेवलेला तो कागद पहिल्यांदा तारखा लावून वाचला. १६ सप्टेंबर, सोमवार: व्हर्सायचा राजवाडा. व्हर्साय सोमवारी बंद असतं. १७ सप्टेंबर, मंगळवार: लूव्र संग्रहालय. लूव्र मंगळवारी बंद असतं. २२ सप्टेंबर, रविवार: व्हॅटिकन संग्रहालयं. ती महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात, आणि त्या महिन्यातला शेवटचा रविवार २९ तारखेला होता. तिन्ही ठिकाणांच्या साइटवर हे स्पष्ट लिहिलेलं आहे. टूर खरोखर नेणारा माणूस तिकिटं काढायला बसतो, तेव्हा त्याला हे पहिल्या दिवशी कळतं. याने तिकिटं काढायचीच नव्हती, म्हणून त्याला वारांशी कर्तव्यच नव्हतं. तो कागद मी रोज पाहत होते. शाळेत एक वेळापत्रक मी दहादा तपासत असे.

व्हिसाचंही तसंच. “६ ऑगस्टला सगळे दुरांतोने मुंबईला जाऊ, फ्रान्सचा व्हिसा आहे,” असं त्याने सांगून ठेवलं होतं. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाचा, नियम असा की ज्या देशात जास्त रात्री राहायचं, त्याच देशाकडे अर्ज करायचा; रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. आमच्या कागदावर पॅरिसला तीन रात्री होत्या आणि इटलीत चार. अर्ज इटलीकडे जायला हवा होता. शिवाय बोटांचे ठसे द्यायला आपल्याला स्वतः जावं लागतं, तर त्या वेळेची नोंद आपल्या नावाची असते आणि तिचा क्रमांक आपल्याला मागता येतो. माझ्याकडे आलं होतं ते फक्त त्याने स्वतः टाइप केलेलं पत्र.

दुसऱ्या दिवशी ग्रुपमधल्या एकेकाला फोन केला. डॉक्टर, त्यांच्या पत्नी आणि पोस्टमास्तर हे तिघे खरे निघाले. त्यांचेही पैसे गेले होते. बाकी फोन बंद, नाहीतर कुणी उचलेना. डॉक्टरसाहेबांनी एक युक्ती सांगितली. यूपीआयच्या ॲपमध्ये एखादा नंबर टाकला की पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. मी पुण्याच्या काकूंचा नंबर टाकला. जे नाव आलं ते त्याच्या ऑफिसात पावत्या फाडणाऱ्या मुलीचं होतं. पैसे गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले नव्हते. हे पाहून रडले. सहा महिने रोज सकाळी चहा घेताना मी त्या काकूंशी बोलत होते. आईच्या आजारपणाबद्दल मी त्यांना जे लिहिलं होतं, ते सख्ख्या बहिणीलाही कधी सांगितलेलं नाही.

पासपोर्ट त्याच्याकडे होता. भाच्याला घेऊन मी त्याच्या ऑफिसात गेले. “ताई, तुम्ही उगाच टेन्शन घेऊन राहिल्या,” त्याचं सुरू झालं. मी पैशांचा विषयच काढला नाही. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, असं त्यावरच छापलेलं असतं. तो इथून मिळाला नाही तर आम्ही सरळ पोलीस ठाण्यात जातो, एवढंच म्हटलं. दहा मिनिटांत मिळाला. ज्यांचा पासपोर्ट अडकलाय त्यांनी आधी तो सोडवावा, भांडण मग करावं.

आम्ही चौघांनी मिळून तक्रार दिली. एकट्याची तक्रार असली की ‘हा तुमचा आपसातला व्यवहार’ असं ऐकावं लागतं. चार जणांचे सारखेच कागद समोर आल्यावर अर्ज आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. पैसे मार्चपर्यंत दिलेले असल्याने जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४२० लागलं. १९३० या सायबर हेल्पलाइनवरही फोन केला, पण रक्कम गोठवायची तर पैसे गेल्यावर काही तासांच्या आत कळवावं लागतं. आमचे महिने उलटले होते. क्रेडिट कार्डाने भरले असते तर निदान बँकेकडे वाद घालता आला असता. ग्राहक आयोगाचा रस्ता मला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनने, म्हणजे १९१५ ने, दाखवला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. लाजेपोटी गप्प बसलेल्या माणसाची ही दोन वर्षं भुर्रकन निघून जातात. वर्ध्याचे पोस्टमास्तर आधी तक्रारच करायला तयार नव्हते. मुलगा रागावेल, म्हणाले.

युरोपला जायची इच्छा अजून आहे. हल्ली टूरवाल्यांकडे जाते तेव्हा सोबत कोण आहे हे मी सगळ्यात शेवटी विचारते. आधी विचारते, जास्तीत जास्त किती माणसं, हे करारात लिहून देणार का? कमीत कमी किती जमली तर टूर निघेल, आणि नाही जमली तर पैसे किती दिवसांत परत? की आम्हाला दुसऱ्याच्या बसमध्ये बसवणार? एकाने प्रामाणिकपणे सांगितलं की बारा जमले नाहीत तर ते मोठ्या ग्रुपमध्ये मिसळतात. मला तो माणूस आवडला. पॅरिसहून स्वित्झर्लंडला बसने नेणार असाल तर किती वाजता पोहोचणार, हेही विचारते. युरोपात ड्रायव्हरला सलग साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावंच लागतं आणि दिवसाला साधारण नऊच तास गाडी चालवता येते. हे ज्याला माहीत असतं तो लगेच वेळ सांगतो. ‘आत जाऊन पाहणे’ आणि ‘बाहेरून पाहणे’ हे शब्द मी प्रत्येक ठिकाणापुढे लिहून घेते. आणि पैसे फक्त कंपनीच्या चालू खात्यात, जीएसटीच्या बिलावर.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाई तारखेला येतात तेव्हा माझ्याकडेच उतरतात. मागच्या वेळी आम्ही दोघी पूर्ण दुपार तो व्हॉट्सॲप ग्रुप छापून घेत बसलो होतो, तारखेवार, पानांना क्रमांक घालत. पुण्याच्या काकूंचे मेसेज वेगळ्या फाइलमध्ये आहेत. वकिलांनी सांगितलंय, त्यातला एकही पुसायचा नाही.