एनआयएच रिपोर्टर : दिलेला पैसा दिसतो, काढून घेतलेला शोधावा लागतो

अमेरिकेत मेडिकल रिसर्चचे पैसे कापले यावर २०२५ पासून जी भांडणं चाललीयेत त्यात एका बाजूचं म्हणणं सगळं संपलं, लॅब्जना कुलपं लागली, आणि दुसरी बाजू म्हणते काही झालेलं नाही, युनिव्हर्सिट्यांची चरबी थोडी उतरवली एवढंच. दोघंही आकडे फेकतात आणि आकडे कुठून आले विचारलं की गप्प. मला विचाराल तर हेडलाइन वाचण्याआधी ही एक साइट वापरायला शिकून घ्या, नाव रिपोर्टर, आणि तिची थोडी भानगडही आहे म्हणून हा रिव्ह्यू.

रिपोर्टर ही एनआयएचची म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थची सरकारी साइट. २००९ मध्ये क्रिस्प नावाचा जुना डेटाबेस काढून ही आणली. लॉगिन नाही, फी नाही, जाहिराती नाहीत, नोटिफिकेशन चालू करा म्हणून मागे लागत नाही. एनआयएचचं वर्षाचं बजेट साधारण ४,८०० कोटी डॉलर, आणि त्यातला ८० टक्क्यांहून जास्त पैसा त्यांच्या स्वतःच्या इमारतीत राहत नाही, देशभरच्या युनिव्हर्सिट्या, हॉस्पिटलं, मेडिकल कॉलेजं यांच्याकडे ग्रांट म्हणून जातो. तो कुणाला, कशासाठी, किती गेला हे इथे एकेक प्रोजेक्ट करून दिसतं. एवढा मोठा सरकारी खर्च इतक्या बारीक पातळीवर कुणालाही फुकट बघता येतो ही गोष्ट मला अजूनही भारी वाटते, यात उपरोध नाहीये.

सर्च साधा आहे. आजाराचं नाव टाका, संशोधकाचं टाका, युनिव्हर्सिटीचं टाका, यादी येते. प्रोजेक्टवर क्लिक केलं की वर एक लांबलचक नंबर दिसतो आणि नवख्या माणसाला तिथेच घाम फुटतो, पण त्यात अर्थ आहे. सुरुवातीला १ असेल तर ग्रांट नवीन, ५ असेल तर आधीच मंजूर झालेल्या ग्रांटचं पुढचं वर्ष. मग आर०१ वगैरे प्रकार, आर-ओ-वन म्हणजे एका संशोधकाच्या लॅबचा मुख्य आधार, बहुतेकांचं करिअर यावरच उभं. त्यानंतर दोन अक्षरं म्हणजे कुठल्या इन्स्टिट्यूटचा पैसा, सीए असेल तर कॅन्सर, एचएल असेल तर हृदय आणि फुफ्फुसं, एजी म्हणजे म्हातारपणाचे आजार, एमएच म्हणजे मानसिक आरोग्य. अशी एकूण २७ इन्स्टिट्यूट्स आणि सेंटर्स आहेत (सरकारच्या २०२६ च्या बजेट प्रस्तावात ती मिळून ८ करायची आणि पैसा २,७५० कोटींवर आणायचा असं होतं, म्हणजे सुमारे ४० टक्के कपात, काँग्रेसने म्हणजे तिथल्या संसदेने काही ते मान्य केलं नाही).

प्रत्येक प्रोजेक्टखाली दोनचार वाक्यांचा एक परिच्छेद असतो, या संशोधनाचा लोकांना उपयोग काय हे सोप्या भाषेत. वरचं अ‍ॅबस्ट्रॅक्ट बाजूला ठेवा, ते संशोधकांनी एकमेकांसाठी लिहिलेलं असतं, हा परिच्छेद आधी वाचा. शिवाय त्या ग्रांटवर निघालेले पेपर्स, पेटंट्स, क्लिनिकल स्टडीज वेगवेगळ्या टॅबमध्ये. "उंदरांवर प्रयोग करून काय मिळालं" असं विचारणाऱ्याला तो पेपर्सचा टॅब दाखवायचा.

आता साइटवरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. पैशांच्या भागात डायरेक्ट आणि इनडायरेक्ट असे दोन वेगळे आकडे दिलेले असतात. ७ फेब्रुवारी २०२५ ला एनआयएचने जी नोटीस काढली त्याचं भांडण अख्खं या दुसऱ्या आकड्यावर होतं. डायरेक्ट म्हणजे माणसांचे पगार, केमिकल्स, उंदीर, इत्यादी. इनडायरेक्ट म्हणजे ज्या गोष्टी एका प्रोजेक्टच्या नावावर टाकता येत नाहीत पण ज्यांच्याशिवाय प्रोजेक्ट चालत नाही, इमारत, वीज, प्राण्यांचं घर, घातक कचऱ्याची विल्हेवाट, एथिक्स कमिटीचं ऑफिस, हिशेब ठेवणारी माणसं. प्रत्येक संस्थेचा दर सरकारशी वाटाघाटी करून ठरतो, सरासरी २७-२८ टक्के आणि हार्वर्डचा ६९. नोटीस म्हणाली आता सगळ्यांना सरसकट १५. आणि सोबत सांगितलं की ग्रांट्सच्या ३,५०० कोटी डॉलरमधले ९०० कोटी या ओव्हरहेडमध्ये म्हणजे इनडायरेक्टमध्ये जातात.

६९ टक्के ऐकलं की लोकांना वाटतं शंभर डॉलरमधले ६९ युनिव्हर्सिटीने खाल्ले आणि संशोधकाला ३१ उरले. तसं नाहीये. दर डायरेक्ट खर्चावर लागतो, म्हणजे संशोधकाचे १०० तसेच्या तसे राहतात आणि वर ६९ मिळतात, एकूण १६९, म्हणजे एकूण रकमेचे साधारण ४१ टक्के झाले, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी कारण महागडी मशिनं, विद्यार्थ्यांची ट्यूशन असले खर्च तो दर लावताना वगळतात. रिपोर्टरवर दोन्ही आकडे शेजारीशेजारी आहेत, कॅल्क्युलेटर काढा आणि भागा, दोन मिनिटांत तुमचं तुम्हाला कळेल. हे माझ्या मते शाळेत शिकवायला हवं इतकं सोपं आहे आणि तरी टीव्हीवरचे लोक चुकतात. (ती १५ टक्क्यांची मर्यादा कोर्टाने अडवली, अपिलातही सरकार हरलं.) तरी ४१ टक्के म्हणजे कमी नाही, आणि हे दर ठरवण्याची पद्धत सुधारायला जागा आहे असं म्हणणारे संशोधकांमध्येही आहेत, ते वेगळं. पण एका शुक्रवारी नोटीस काढून सोमवारपासून लागू, ही काय सुधारणा करायची रीत झाली का.

बरं, आता कमी गुण कुठे ते.

ही साइट म्हणजे असं पासबुक आहे ज्यात फक्त जमेचा रकाना छापलाय. कुठली ग्रांट सरकारने मध्येच रद्द केली हे सांगणारा रकाना मला तरी कुठे सापडला नाही, "रद्द झालेल्या दाखवा" असं बटन नाही, कारण नाही, पत्र नाही. जास्तीत जास्त शेवटची तारीख बघून तुम्ही अंदाज करायचा. आता २०२५ च्या जूनमध्ये एनआयएचच्याच कर्मचाऱ्यांनी जे जाहीर पत्र काढलं, बेथेस्डा डिक्लरेशन, त्यात लिहिलं होतं की तोपर्यंत सुमारे २,१०० ग्रांट्स रद्द झाल्या, ९५० कोटी डॉलरच्या. एवढा मोठा प्रकार आणि अधिकृत साइटवर नुसतं शोधणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. त्यासाठी बाहेर जावं लागतं, ग्रांट विटनेस नावाचा प्रकल्प आहे, नोम रॉस आणि स्कॉट डिलेनी यांनी सुरू केलेला, आधी नाव ग्रांट वॉच होतं, त्यांनी सरकारी याद्या आणि संशोधकांनी स्वतः कळवलेली माहिती जुळवून रद्द झालेल्या ग्रांट्सचा तक्ता बनवला, कुठल्या परत सुरू झाल्या तेही. म्हणजे जे काम सरकारच्या एका रकान्यात झालं असतं ते बाहेरच्या माणसांना करावं लागलं. इथे मी एक तारा कापला.

दुसरी अडचण साइटवरच्या नकाशाची, आणि ही जास्त फसवी आहे कारण नकाशा दिसायला छान आहे. पैसा ज्या संस्थेच्या नावावर मंजूर होतो तिथेच टिपका पडतो, तिथून पुढे इतर संस्थांना तो वाटला जातो ते दिसत नाही. उदाहरण घ्या डायबिटीज प्रिव्हेन्शन प्रोग्रामचं. हे नाव ठाऊक नसलं तरी त्याचा निष्कर्ष तुम्हाला डॉक्टरांनी नक्की ऐकवलाय. १९९६ पासून ३,२३४ माणसं घेतली, साखर वाढायला लागलेली पण अजून डायबिटीज न झालेली, आणि २००२ मध्ये दाखवून दिलं की आहार, व्यायाम आणि थोडं वजन कमी केल्याने डायबिटीज होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटतं आणि मेटफॉर्मिन या गोळीने ३१ टक्क्यांनी. चालायला जा, वजन उतरवा हे आज जगभर जे सांगतात त्याला एवढा भक्कम आधार देणारे अभ्यास मोजकेच. त्या लोकांचा पाठपुरावा पुढे वीसेक वर्षं चालूच राहिला, आता ती म्हातारी झाली म्हणून त्यांच्या स्मरणशक्तीवर डायबिटीजचा काय परिणाम होतो ते बघत होते. मार्च २०२५ मध्ये सरकारने कोलंबिया युनिव्हर्सिटीचे ४० कोटी डॉलर अडवले, कारण कॅम्पसवरच्या ज्यूविरोधी वातावरणावर कारवाई केली नाही हा आरोप, आणि त्यात या अभ्यासाचाही पैसा गेला कारण तो कोलंबियामार्गे पुढे जायचा. नकाशावर बघाल तर न्यूयॉर्कचा एक टिपका. प्रत्यक्षात केंद्रं सुमारे ३०, राज्यं वीसहून जास्त, आणि त्यातल्या बहुतेकांचा कोलंबियाच्या भांडणाशी काही संबंध नाही. जुलैमध्ये कोलंबियाने २० कोटी डॉलर भरायचं कबूल करून समझोता केला आणि बहुतेक ग्रांट्स परत द्यायचं ठरलं. पण माणसांना ठरलेल्या वेळी बोलावून तपासायचं हाच असल्या अभ्यासाचा जीव असतो, चुकलेली तपासणी नंतर पैसे देऊन परत आणता येत नाही. यातलं काही रिपोर्टरवर दिसणार नाही. पुढे वाटलेला पैसा बघायचा तर यूएसए स्पेंडिंग नावाची दुसरी सरकारी साइट आहे, तिथे सब-अवॉर्ड्स मिळतात, पण ती साइट वापरणं म्हणजे शिक्षा आहे.

तिसरी अडचण वर्षांची तुलना करताना येते. सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणजे साइटवरचं २०२५ हे खरं तर ऑक्टोबर २०२४ पासून, हे लक्षात नसलं की अर्धी तुलना तिथेच चुकते. पण खरी मेख वेगळीच आहे. २०२५ मध्ये असं ठरलं की उरलेल्या पैशातला मोठा भाग पुढच्या सगळ्या वर्षांचे हप्ते एकदम देण्यात घालायचा. आधी पाच वर्षांची ग्रांट दरवर्षी थोडी थोडी मिळायची, आता काहींना सगळी एकरकमी. त्यामुळे होतं काय की वर्षाचा एकूण खर्च बघितला तर जवळपास तेवढाच, एकेका ग्रांटची रक्कम बघितली तर उलट वाढलेली, आणि "कुठे झाली कपात" म्हणणाऱ्याच्या हातात आयतं कोलीत. मोजायच्या असतात नवीन ग्रांट्स, आणि त्या कमी झाल्यात. नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने २०२५ मध्ये आर०१ साठीची मंजुरीची रेषा दहाव्या पर्सेंटाइलवरून चौथ्यावर आणली, म्हणजे आधी शंभरातले पहिले दहा घ्यायचे तिथे चार घेतले. हे जे सहा बाहेर राहिले ते रिपोर्टरवर कधीच दिसणार नाहीत कारण नामंजूर अर्ज इथे येतच नाहीत. कपातीचा सगळ्यात मोठा भाग बहुतेक हाच असेल आणि त्याची नोंद कुठल्याच ओळीत नाही.

आता ज्यांची मुलं, भाचेपुतणे तिकडे पीएचडी किंवा पोस्टडॉकला जायचं बघतायत त्यांच्यासाठी. २०२५ च्या मार्चमध्ये यूमास चॅन मेडिकल स्कूलने दिलेल्या पीएचडी अ‍ॅडमिशनच्या ऑफर्स मागे घेतल्या, तेव्हा आता नुसतं युनिव्हर्सिटीचं नाव बघून चालत नाही. ज्या प्रोफेसरकडे जायचंय त्याचं नाव टाका, फक्त चालू प्रोजेक्ट्सवर टिक करा, आणि ग्रांट कधी संपते ते बघा. चार वर्षं काम करायचंय आणि एकुलती एक ग्रांट आठ महिन्यांत संपतेय तर इंटरव्ह्यूमध्ये सरळ विचारा पुढे काय, कुणी वाईट मानत नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, शेवटची तारीख पुढे दिसली म्हणजे पैसा आहेच असं नाही, नवे पैसे न देता नुसती मुदत एक वर्ष वाढवून देतात. दुसरं म्हणजे इथे काहीच दिसलं नाही म्हणून लॅब कंगाल समजू नका, नॅशनल सायन्स फाउंडेशनचा किंवा खाजगी संस्थांचा पैसा इथे येत नाही.

मॅचमेकर नावाची सोयही बघा, तुमच्या विषयाचा मोठा मजकूर चिकटवला की त्याच्यासारखे मंजूर झालेले प्रोजेक्ट्स आणि ते सांभाळणारे अधिकारी दाखवते, कीवर्ड्स सुचत नसले की फार कामाची. आजारानुसार खर्चाचे तक्तेही आहेत, ३०० च्या वर गट, पण एकच ग्रांट चार गटांत मोजलेली असू शकते, तेव्हा बेरीज करायला जाऊ नका, एकूण बजेटच्या पलीकडे जाल.

पाचपैकी साडेतीन. एक रद्द केलेल्या ग्रांट्सचा, अर्धा नकाशाचा. आणि शोधलेली यादी प्रत्येक वेळी एक्सपोर्ट करून तारखेसकट स्वतःकडे ठेवा, माहिती दर आठवड्याला बदलते आणि मागच्या आठवड्यात काय होतं ते साइट सांगत नाही.