नऊ महिने कॅनडातले तयार जॉइंट ओढून झाल्यावर

भाचा सप्टेंबरला टोरांटोला शिकायला निघालाय. मागच्या रविवारी रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळ खाता खाता त्यानं आवाज खाली करून विचारलं, "मामा, तिकडं गांजा दुकानात मिळतोय म्हणं. तुम्ही बघितलासा काय?"

बघितलाय, आणि ओढलाय पण. शिरोलीतल्या फाउंड्रीत मी क्वालिटी बघतो. आमची कास्टिंग घेणाऱ्या कारखान्यात तपासणीसाठी २०२३ च्या मार्चपासून डिसेंबरपर्यंत ओंटारिओत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथं, होतो. त्या नऊ महिन्यांत शनिवारी रात्री, कधीमधी रविवारीही, तयार जॉइंट म्हणजे गांजा भरलेल्या सिगारेटी ओढल्या. भाच्याला कट्ट्यावर अर्धवटच सांगता आलं, कारण शेजारी ओळखीचे लोक येऊन बसले. म्हणून सगळं इथं लिहितोय. त्याच्यासारखी इथली बरीच पोरं तिकडं जातात आणि पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी हातून चुकीची वस्तू ओढून घाबरतात.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून हे कायदेशीर आहे. ओंटारिओत वय १९ पूर्ण लागतं, क्वेबेकमध्ये २१. बाहेर वावरताना अंगावर ३० ग्रॅमपर्यंत सुका माल ठेवता येतो. दुकान औषधाच्या दुकानासारखं स्वच्छ, आणि पाकिटं मात्र अगदी साधी असतात, कारण जाहिरातबाज वेष्टनाला तिथं बंदी आहे. पाकिटावर लाल अष्टकोनात पानाचं चित्र, पिवळ्या चौकटीत आरोग्याचा इशारा आणि सरकारी कराचा स्टॅम्प. हा स्टॅम्प नसेल तर माल कायदेशीर दुकानातला नाही, एवढं पक्कं समजायचं. मित्राच्या मित्राकडून आलेलं सुटं काहीही मी हातात घेतलं नाही.

तयार जॉइंटला तिकडं प्री-रोल म्हणतात. कागदाचा निमुळता कोन, तोंडाकडे पुठ्ठ्याची छोटी गुंडाळी, आत दळलेलं फूल आणि टोकाला पीळ. तंबाखू अजिबात नसते. आपल्याकडं सिगारेट रिकामी करून भरतात ते डोक्यात असलं तर काढून टाका.

माझं आजोळ निपाणीचं. आजी घरी विड्या वळायची. तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात ठेवलेली, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापलेली, मांडीवर सूप आणि सुपात जर्दा. पंचवीस विड्यांचा कट्टा बांधताना ती एकेक विडी बोटात फिरवून बघायची आणि ढिली निघाली की बाजूला टाकायची. चुरा भरलेली विडी घशाला लागते, असं ती सांगायची. टोरांटोजवळच्या एका खोलीत बसून पहिला प्री-रोल ओढताना मला पहिल्यांदा तीच आठवली. तो घशाला लागला होता.

कारण नंतर कळलं. फुलं हाताळताना, पिशव्यांतून काढताना तळाला जो भुगा जमतो त्याला तिकडं शेक म्हणतात. फुलं कातरताना निघालेली बारीक पानं म्हणजे ट्रिम. स्वस्त प्री-रोलमध्ये हेच जास्त जातं. शेक टाकाऊ असतो असं नाही, ताजा असेल तर बरा लागतो. पण भुगा लवकर वाळतो, वास लवकर उडतो आणि मग धूर नुसता खरखरीत उरतो. त्यामुळं पाकिटावर अख्ख्या फुलापासून केलंय असं लिहिलेलं असेल तर मी दोन डॉलर जास्त द्यायला तयार असायचो. काउंटरवरच्या पोरांना विचारलं की ती खरं सांगतात, त्यांना लपवायचं काही कारण नसतं.

आता मुख्य गोष्ट. पाकिटावर सगळ्यात ठळक दिसतो तो टीएचसीचा टक्का. नशा देणारा घटक तोच, आणि सगळे गिऱ्हाईक तोच बघून घेतात. मीही पहिले दोन महिने २७, २८ टक्के बघूनच घेत होतो. फाउंड्रीत कास्टिंगसोबत टेस्ट सर्टिफिकेट येतं, त्यावरचा एकच आकडा बघून आम्ही माल पास करत नाही. इथं मात्र मी नेमकं तेच करत होतो.

माझ्या पाकिटांवर दोन आकडे असायचे. एक नुसता टीएचसी, अगदी लहान. दुसरा एकूण टीएचसी, मोठा. ताज्या फुलात टीएचसी थेट फार कमी असतं, त्याचं आम्ल असतं. ते जळताना तापलं की टीएचसी बनतं आणि त्यात वजनाची थोडी घट होते, म्हणून हिशोबात आम्लाला ०.८७७ नं गुणतात. आपल्या कामाचा आकडा म्हणजे एकूण. अर्ध्या ग्रॅमच्या जॉइंटवर एकूण २० टक्के असेल तर आत १०० मिलिग्रॅम आहे. त्यातलं बरंच जळून आणि हवेत जातं, तरीही नवख्याला हे खूप आहे. खायच्या वस्तूंना तिकडं अख्ख्या पाकिटाला १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पोटातून आणि फुप्फुसातून जाण्यात फरक असतो हे खरं, पण अंदाज यायला एवढं पुरे.

टक्क्यापेक्षा मला पॅकिंगची तारीख जास्त उपयोगाची वाटली. १८ टक्क्यांचा, महिन्याभरापूर्वी भरलेला जॉइंट मला २६ टक्क्यांच्या दहा महिने जुन्या जॉइंटपेक्षा प्रत्येक वेळी चांगला लागला. जुन्यात वास मेलेला असतो. आणि वास म्हणजे नुसती चैन नाही. लिंबाच्या सालीत असतं ते लिमोनीन, मिरी आणि लवंगेत असतं ते कॅरिओफिलीन, असेच घटक फुलात असतात. एक जॉइंट त्याच्या पॅकिंगच्या नळीतून काढला आणि चक्क आमच्या घरच्या चटणीसाठी लवंगा-मिरी भाजल्याचा वास आला. तो मी पुन्हा पुन्हा घेतला. इंडिका झोप आणतो आणि सटायव्हा उत्साह देतो, असं गांजाच्या या दोन प्रकारांबद्दल जे पाकिटावरच्या शब्दांवरून सांगतात त्यावर मात्र विसंबू नका. माझा अनुभव त्या शब्दांशी अर्ध्या वेळाही जुळला नाही.

हातात घेऊन तपासायचं ते आजीसारखं. नळी उघडल्यावर जॉइंट बोटात हलकेच दाबायचा. दबून परत फुगला तर ओल बरोबर आहे. करकरला तर वाळलाय. मध्येच पोकळ लागला तर तो एका बाजूनं जळत जाणार, होडीसारखा कोरत, आणि अर्धा माल वाया. यंत्रानं भरलेल्या कोनात हे बरंच होतं. थुंकीचं ओलं बोट जळत्या बाजूला लावून थोडं आवरता येतं. डिसेंबरात हीटर चालू असलेल्या खोलीत तर पाकीट उघडून आठ दिवस ठेवलं की पापड होतो. ६२ टक्के ओल धरणारी छोटी पुडी मिळते, ती डब्यात टाकून ठेवायची. आणि राख पांढरी म्हणजे माल चोख, हे तिकडंही सगळे सांगतात. त्यावर जाऊ नका, राखेचा रंग ओल आणि जळण्यावर फिरतो.

जूनमध्ये झालेली चूक सांगतो. एका सहकाऱ्यानं इन्फ्यूज्ड प्री-रोल आणला. म्हणजे फुलात वरून हशीश (चरस), कीफ (फुलावरून झडलेली चिकट भुकटी) किंवा काढलेला अर्क मिसळलेला. पाकिटावर ४० टक्क्यांच्या वर आकडा होता. मी नेहमीसारखे चार झुरके घेतले, वर बिअरही झाली होती. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली, तोंडाला कोरड, आणि आता आपण मरणार याची खात्री. दोन तास बाथरूमच्या फरशीवर पाठ टेकून बसलो होतो आणि मनात घरचे नंबर पाठ म्हणत होतो. सकाळपर्यंत उतरलं. पण ते दोन तास मी कुणालाच देऊ इच्छित नाही. भाच्याला हात धरून सांगितलं, पहिलं वर्ष इन्फ्यूज्डला हात लावायचा नाही, आणि दारूबरोबर तर कधीच नाही. एक झुरका घ्यायचा, वीस मिनिटं घड्याळ लावून थांबायचं. ओढल्यावर परिणाम मिनिटांत येतो, अर्ध्या तासापर्यंत चढतो आणि सहा तासांपर्यंत रेंगाळू शकतो. तेवढ्यात गाडी नाही. ओंटारिओत नवख्या लायसन्सवाल्याच्या अंगात थोडंही सापडलं तरी कारवाई होते. घरात कुणाला मानसिक आजार असेल तर मुळात ओढूच नये, यात मी मागंपुढं बघणार नाही.

साधारण जुलैनंतर माझी निवड ठरली. १ ग्रॅमचा एक मोठा घेण्याऐवजी ०.३५ ग्रॅमच्या लहान जॉइंटांचं पाकीट. एक पेटवला की दोघांत संपतो, विझवून ठेवायची वेळ येत नाही. विझवलेला दुसऱ्या दिवशी कडू लागतो आणि खोलीभर वास सुटतो. १६ ते २० टक्के, अख्खं फूल, तारीख दोन महिन्यांच्या आतली.

फायदा काय झाला? शनिवारी डोकं मोकळं व्हायचं, झोप लागायची. तोटाही झाला. ऑक्टोबरपासून सकाळी खोकला यायला लागला. धूर तो धूरच, तंबाखू नसली तरी. आजीचा खोकला मी लहानपणी रात्र-रात्र ऐकलाय, त्यामुळं हे हलक्यात घेता आलं नाही. शेवटचे दोन महिने पंधरा दिवसांतून एकदाच ओढला.

इथं आल्यावर एकही नाही. आपल्याकडं १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यानं फुलांचा शेंडा म्हणजे गांजा. १ किलोपर्यंतचं प्रमाण कायदा अल्प मानतो, पण त्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि कॅनडातून बाहेर नेणं तिकडच्या कायद्यानंही गुन्हाच, मग जवळ पावती असो वा नसो. भाच्यानं हसत विचारलं होतं, "येताना एक आणू काय?" मी उठून उभाच राहिलो. आईच्या समोर विमानतळावर पोलीस बॅग उघडत आहेत, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर नीट उभं राहीपर्यंत मी त्याला घरी जाऊ दिलं नाही.

निघायच्या आदल्या रात्री माझ्याकडं पाकिटात तीन उरले होते. ते खोलीतल्या जोडीदाराला दिले आणि पॅकिंगची तारीख त्याला बोटानं दाखवली.