स्टॉल, ऑनलाइन की आगाऊ ऑर्डर? गोव्यात मदतीसाठी हस्तकला विकायची असेल तर

पैसे कधी पाहिजेत हे नक्की केल्याशिवाय कुठे विकायचं ते ठरवूच नका. वाड्यावर कुणाचं ऑपरेशन आहे आणि पंधरा दिवसांत पैसे भरायचेत ही एक गोष्ट, पोरांच्या फीसाठी वर्षभर थोडे थोडे साठवायचेत ही वेगळी, आणि आंदोलन चालू असताना विषय लोकांपर्यंत न्यायचाय ही तिसरीच. पण आपल्याकडे तिन्हीला एकच उत्तर, चला स्टॉल टाकूया.

तर आधी स्टॉलचंच बघू. हणजुण्याचा बुधवारचा बाजार किंवा हडफड्याचं शनिवारचं नाइट मार्केट हे सीझनचं काम, पावसात विचारूच नका, आणि तिथलं गिऱ्हाईक टुरिस्ट. घासाघीस ही तिथली रीत, त्यात कुणाची चूक नाय, पण करवंटीचा दिवा उलटा करून स्टिकर बघणार, अर्धी किंमत सांगणार, आणि तुम्ही "हे पैसे आमच्या वाड्यातल्या..." म्हणेपर्यंत माणूस पुढच्या स्टॉलवर. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार याच्या उलट. गिऱ्हाईक आपलंच, भाषा आपलीच, पण ते आलेलं असतं भाजी, सुकी मासळी, मातीची भांडी घ्यायला. तिथे शोभेचा दिवा तसाच पडून राहील आणि करवंटीची डवली, म्हणजे डाव, खपेल. म्हणजे बाजार निवडला की वस्तू पण त्यानेच निवडली असं समजा.

माझं मत विचाराल तर स्टॉलच टाकायचा असेल तर जत्रेच्या नाहीतर चर्चच्या फेस्ताच्या फेरीत, म्हणजे तिथे भरणाऱ्या बाजारात टाका. म्हापशाच्या बोडगेश्वराची जत्रा घ्या, खाज्याच्या आणि खेळण्यांच्या दुकानांमधून फिरणारी माणसं निवांत असतात, पोरंबाळं बरोबर असतात, आणि मुख्य म्हणजे कुणाला ना कुणाला तुमचा वाडा माहीत असतो. "अगो, तो शिरोड्याचा ना?" असं झालं की अर्धं काम झालं. फक्त जागेसाठी समितीला आधीच विचारून ठेवा, सोपो म्हणजे जागेची पट्टी किती, लाइटचे वेगळे का, हे पण तेव्हाच. आणि गर्दीत मोबाइलला रेंज नसते, क्यूआर स्कॅन करून चक्र फिरत राहतं आणि गिऱ्हाईक "मागीर येतो", म्हणजे नंतर येतो, म्हणून जातं ते जातंच, म्हणून सुटे पैसे भरपूर घेऊन बसा.

ऑनलाइनबद्दल लोकांच्या फार अपेक्षा असतात. एट्सी या हस्तकला विकायच्या परदेशी वेबसाइटवर एक वस्तू लावायला ०.२० डॉलर, ती चार महिने राहते, विकली की ६.५ टक्के त्यांचे आणि हे टक्के शिपिंग धरून, वर पेमेंटचा चार्ज वेगळा. क्रोशाच्या लेससाठी, हलक्या कापडी कामासाठी हे परवडू शकतं. डिचोलीकडचं मातीकाम पाठवायचं तर बबल रॅप आणि खोका मिळूनच निम्मी मजुरी जाते, आणि फुटलं तर सगळंच गेलं. दुसरं म्हणजे जीएसटी. ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेले छोटे विक्रेतेही प्लॅटफॉर्मवर माल विकू शकतात पण नावनोंदणीचा नंबर काढून आणि फक्त राज्याच्या आत. गोव्याएवढ्या राज्यात हे म्हणजे जवळजवळ घरच्याघरीच झालं. बाहेर पाठवायचं असेल तर हस्तकलेला काही सवलती आहेत, पण त्या सीएकडून समजून घ्या, इन्स्टाग्रामच्या रीलमधून नको. इन्स्टाग्राम कामाचं आहे ते दुकान म्हणून कमी आणि ओळख म्हणून जास्त.

याचं चांगलं उदाहरण मोलेच्या जंगलासाठी झालेलं आंदोलन. २०२० मध्ये तिथल्या अभयारण्यातून रेल्वेचं दुपदरीकरण, हायवेचं रुंदीकरण आणि वीजवाहिनी असे तीन प्रकल्प आले तेव्हा कितीतरी चित्रकारांनी जंगलाची, प्राण्यांची चित्रं काढली, पोस्टरं केली, आणि जे कधी कुळ्याच्या पलीकडे गेले नव्हते त्यांनाही कळलं की काय तुटणार आहे. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. ते काही चित्रांमुळे झालं नाही, कागदपत्रं, अभ्यास, रस्त्यावर उतरलेली माणसं हे सगळं होतं. पण आंदोलनात चित्र जेवढं फुकट फिरतं तेवढं ते जास्त काम करतं. अशा वेळी प्रिंट विकून किती आले हे मोजत बसू नका, फाइल सगळ्यांना द्या आणि ज्यांना भिंतीवर लावायचंय त्यांना छापील विका.

आता तिसरा पर्याय, वॉट्सॲपवर आगाऊ ऑर्डर. घाईच्या मदतीसाठी माझ्या मते हाच. जुलै २०२१ च्या पुरासारखी वेळ आली, सत्तरी-डिचोलीत घरं पडली होती तेव्हा, तर बाजार भरायची वाट कोण बघणार? एकच वस्तू ठेवा, दोन रंग, एक किंमत, पैसे आधी, वस्तू अमुक तारखेला अमुक देवळाकडे न्यायला यायचं. भाडं नाही, कुरिअर नाही, यूपीआयला चार्ज नाही, उरलेला माल घरात बुरशी धरत नाही. दिवाळीचे आकाशकंदील तर यासाठीच जन्मलेत, घरचा कंदील पाहिजे पण बांबू तासायला वेळ नाही असे लोक प्रत्येक वाड्यावर असतात. तोटा एकच, हे तुमच्या ओळखीच्या बाहेर जात नाही, आणि त्याच त्या माणसांकडे वर्षातून किती वेळा मागणार. तिसऱ्यांदा विचारलं की निळी टिक येते आणि उत्तर येत नाही.

कुठेही विका, पण "नफ्यातले ५० टक्के मदतीला" असं लिहू नका. समजा दिवा ४५० चा. करवंटी, पॉलिश, वायर-होल्डर १२०. तीन तासांची मजुरी तासाला ८० धरली तर २४०. राहिले ९०. स्टॉलचं भाडं १५०० आणि दिवे खपले १५ तर दिव्यामागे भाडंच १००. म्हणजे नफा उणे १०, आता त्याचे पन्नास टक्के द्या बघू! त्यापेक्षा "प्रत्येक दिव्यामागे ६० रुपये" असं लिहा, ते किमतीत आधीच धरा, आणि रात्री हिशेबाचा फोटो ग्रुपवर टाका. मजुरी मात्र कापू नका. बनवणाऱ्या बायकांनी फुकट राबायचं आणि वर त्यालाच सामाजिक न्याय म्हणायचं, हे मला तरी पटत नाही.

कायद्याचं थोडक्यात. वस्तू विकली ती विक्री, देणगी नव्हे, तेव्हा ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळवून देणारी, पावती कबूल करू नका, ती नोंदणीकृत संस्थेलाच देता येते आणि तीही देणगीवर. परदेशी पाहुण्याने दिवा विकत घेतला तर साधा व्यवहार, पण संस्थेच्या डब्यात नुसते पैसे टाकले तर ते २०१० च्या एफसीआरएमध्ये, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्यात, येतं, त्यामुळे स्टॉलवर डबा नको.

आणि कुणबी साडीच्या चौकड्या बॅगेवर छापून "आदिवासींच्या हक्कांसाठी" विकणाऱ्यांनो, आधी त्या समाजातल्या बायकांशी बोला, त्यांना काम द्या नाहीतर वाटा द्या, मग छापा. तसंच आजारी माणसाचा फोटो टॅगवर नको. त्याला उद्या त्याच बाजारात भाजी घ्यायला यायचंय.

एवढं वाचूनही ठरत नसेल तर यंदा असं करा: चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी वॉट्सॲपवर एकच वस्तू, त्यातून हातात भांडवल आलं की थंडीत जवळच्या जत्रेत स्टॉल. सरकारी मेळ्यांमध्ये जागा मागायचा विचार असेल तर हस्तकला कारागिरांचं पहचान कार्ड आत्तापासून काढायला घ्या. एट्सी पुढच्या वर्षी बघू.