तळ्याचा काठ: उभी भिंत, गॅबियन की मातीचा उतार?

वस्तीतलं तळं सुधारायला घेतलं की आराखड्यात आधी कारंजं, दिवे आणि जॉगिंग ट्रॅक येतो. काठाकडे शेवटी लक्ष जातं. बेडूक, पक्षी, माणसं आणि कचरा या सगळ्यांची गाठ पडते ती मात्र काठावरच. मुंबईत साधारण तीन पर्याय पुढे येतात: दगडी किंवा काँक्रीटची उभी भिंत, तारेच्या जाळीत दगड भरलेले गॅबियन, आणि लागवड केलेला मातीचा उतार. मी उतार निवडला. तरी भिंतीचं म्हणणं आधी ऐकावं, कारण त्यात तथ्य आहे.

भिंत जागा वाचवते. दीड मीटर उंचीला 1:5 उतार द्यायचा तर साडेसात मीटर रुंदी लागते. रस्ता, सोसायटीचं कंपाउंड आणि देऊळ यांच्या कचाट्यातल्या तळ्याला ती कुठून मिळणार? म्हणून आतल्या बाजूला भराव टाकला, तर अर्ध्या एकराच्या गोल तळ्याचं निम्मं खोल पाणी त्या भरावातच संपतं. शिवाय पाण्याच्या पसाऱ्यात भराव हा कायद्याचा प्रश्न आहे. पवईत काठाला गॅबियन लावून होणारा सायकल ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये बेकायदा ठरवला, हे विसरू नये. उतार करायचा तर जमिनीच्या बाजूने माती कापून. पाण्यात भर घालून नव्हे.

मग भिंत का नको? माझ्यापुरता निकाल लागला तो कचऱ्यावर. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, त्यामुळे मे महिन्यापर्यंत पाणी सहज मीटरभर उतरतं. कठड्यापासून पाणी दोन मीटर खाली. पश्चिमेच्या वाऱ्याने हार, पिशव्या, थर्मोकोल पूर्वेच्या कोपऱ्यात गोळा होतात आणि लांब दांड्याची जाळी तिथवर पुरत नाही. तराफा, लाइफ जॅकेट, दोन माणसं अशी जुळवाजुळव करावी लागते, म्हणून रोजचं काम पंधरवड्यावर जातं. तोवर निर्माल्य तळाशी बसून कुजतं, बुडबुडे येतात, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेताना दिसतात. उतारावर गमबूट घातलेला एक माणूस दाताळ्याने तोच कचरा दहा मिनिटांत ओढून घेतो. सजावटीवर कितीही खर्च केला तरी या एका गैरसोयीची भरपाई होत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्राण्यांचं गणितही तिथेच. पाणकासवाला अंडी घालायला बाहेरची माती लागते. उभ्या भिंतीवर ते चढू शकत नाही. वंचक बगळ्याला घोटाभर पाणी हवं, लाजऱ्या पाणकोंबडीला लपायला झुडूप हवं. चतुराची अळी दांड्यावर चढून कात टाकते. भिंतीलगत यातलं जवळजवळ काहीच नसतं.

गॅबियन मधला मार्ग वाटतो आणि वाहत्या नाल्याच्या काठी तो चांगला चालतोही. तळ्यात मात्र सांडपाणी मिसळत असेल तर तार लवकर गंजते, तुटलेली टोकं बाहेर येतात, फटींत पिशव्या अडकतात आणि उंदीर बिळं करतात. घ्यायचंच असेल तर पीव्हीसी आवरणाची जस्तलेपित तार आणि जाळीच्या भोकापेक्षा मोठे दगड, एवढं तरी पाहावं.

उताराचंही कौतुक आंधळेपणाने नको. पहिल्याच जोराच्या पावसात ओघळ पडून माती तळ्यात गेलेले उतार मुंबईत पुष्कळ दिसतात. कारण बहुधा एकच: काम जूनच्या तोंडावर संपवलेलं. उतारासाठी माती कापणं फेब्रुवारी-मार्चमध्ये, लागवड मेच्या मध्यापर्यंत, आणि मुळं धरेपर्यंत रोज पाणी. वरून काथ्याची जाळी, साधारण 700 ग्रॅम प्रति चौरस मीटरची, दीड फुटी बांबूच्या खुंट्यांनी मीटर-मीटरवर ठोकलेली. जाळीची वरची कड फूटभर खोल चरात पुरायलाच हवी. ती उघडी राहिली तर पाणी खालून शिरतं आणि अख्खी जाळी उचलली जाते. पर्जन्यवाहिनीचं तोंड जिथे उघडतं तिथे मात्र मातीचा हट्ट धरू नका, दोन मीटर दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचा पक्का थर, करा. उतारावर शेणखत टाकू नका. ते वाहून पाण्यात जातं आणि तळं हिरवं पडतं.

पाण्याखाली 20–30 सेंटीमीटरवर मीटर-दीड मीटर रुंद पायरी ठेवावी. तिथे वेखंड, लव्हाळा, नागरमोथा, चौरस मीटरला चार-पाच रोपं. वरच्या कोरड्या भागात वाळा आणि हरळी. पाणकणीस लावावं, पण विटांच्या बंद कप्प्यात. मोकळं सोडलं की सगळी पायरी व्यापतं. कापायचं असेल तर पाण्याच्या पातळीखाली, म्हणजे उरलेला बुंधा बुडून कुजतो.

डासांची तक्रार येणारच. मासे आणि चतुरांच्या अळ्या असलेल्या उथळ काठापेक्षा आसपासच्या कुंड्या, टायर आणि उघड्या टाक्या आधी तपासाव्यात. एक खबरदारी मात्र खरी आहे: पाणी उतरताना तळ्यापासून तुटलेली डबकी राहता कामा नयेत, म्हणून पायरीला तळ्याकडे हलका ढाळ द्यावा.

लोकांसाठी सगळा काठ मोकळा ठेवायची गरज नाही. पाव काठ पुरतो. त्यात 1:12 ढाळाची, दीड मीटर रुंद वाट आणि पाण्यावर झुकलेला एक डेक, म्हणजे व्हीलचेअरही शेवटपर्यंत जाते. उरलेल्या भागात वाट काठापासून तीन मीटर मागे आणि दिव्यांचा झोत जमिनीकडे. मूल घसरलं तरी उतारावर नडगीभर पाण्यात उभं राहतं, हा दिलासा भिंत देऊ शकत नाही.

एका बाजूला रस्ता अगदी चिकटून असेल तर तिथे भिंत राहू द्या, बाणगंगेसारख्या जुन्या दगडी पायऱ्यांना तर हातच लावू नये. फक्त प्राण्यांना चढता यावं म्हणून अशा भिंतीवर दर पंधरा-वीस मीटरला दगड रचून एक तिरकी वाट पाण्यात सोडावी, मे महिन्याच्या पातळीच्याही खाली पोहोचेल इतकी लांब.