रेड हॉर्स की अमोस बॅड हार्ट बुल?

अमेरिकन सैन्य आणि तिथले मूळनिवासी लाकोटा वगैरे यांच्यातली लिटल बिगहॉर्नची १८७६ ची लढाई लाकोटांच्याच चित्रांतून बघायची तर ही दोनच नावं पुरेत. रेड हॉर्स स्वतः लढलेला, १८८१ मध्ये त्याने एका आर्मी डॉक्टरसाठी ४२ चित्रं काढली, त्यात मेलेले सैनिक, कोसळलेले घोडे, नुसतं रक्त आणि गर्दी, हिरोगिरी जवळपास नाहीच, बघताना पोटात कालवतं राव. अमोस तेव्हा लहान पोरगा होता, त्याने नंतर मोठ्यांकडून ऐकून जमाखर्चाच्या वहीत ४०० च्या वर चित्रं काढली, लाकोटा भाषेत नोंदीही लिहिल्या. पसारा त्याचाच मोठा, पण १९४७ ला त्याची बहीण वारली तेव्हा वही तिच्यासोबत पुरली गेली, आता चित्रांचे फक्त फोटो उरलेत. माझं मत? लढाईपुरतं बोलायचं तर रेड हॉर्सच.