टक्केवाढ आणि टक्केघट: पायरीची रीत पक्की करावी की पटीची?

मूल सातवी-आठवीत गेलं की शेकडेवारीच्या वहीवरून घरात खटके उडतात. वडील एका रीतीनं सांगतात, शिकवणीत दुसरी सांगतात आणि मूल मधल्यामध्ये अडकतं. सोलापुरात माझ्याकडे येणारे पालक दर जूनमध्ये विचारतात, "सर, नक्की कोणती रीत पक्की करून घेऊ?" दोन्ही शेजारी ठेवून पाहू.

चाटी गल्लीत चादर घ्यायला गेलात. छापील किंमत 800 रुपये, सूट 15 टक्के. पायरीच्या रीतीत आधी टक्क्यांची रक्कम काढायची: दहा टक्के 80, पाच टक्के त्याच्या निम्मे 40, मिळून 120. ते वजा केले की 680. पटीच्या रीतीत सूट किती गेली हे न पाहता उरलं किती ते पाहायचं. शंभरातले 85 उरले, म्हणून 800 × 0.85 = 680.

इथं पायरीची रीत सरस आहे, हे मी मोकळेपणानं सांगतो. तोंडी होते आणि किती रुपये वाचले ते मुलाला दिसतं. पटीच्या रीतीत दशांश चिन्ह घसरतं. 5 टक्के वाढीसाठी 1.05 ऐवजी 1.5 लिहिणारी मुलं मला दर वर्षी भेटतात. पाच टक्क्यांची वाढ थेट पन्नासाची होते.

आता तेच गणित उलटं विचारा. 15 टक्के सूट मिळून चादर 680 ला पडली, तर छापील किंमत किती? पायरीची सवय झालेलं मूल 680 चे 15 टक्के काढतं, 102 मिळवतं आणि 782 लिहून मोकळं होतं. सूट 680 वर नव्हतीच, ती छापील किमतीवर होती. पटीच्या रीतीत जिथं गुणलं तिथं भागायचं: 680 ÷ 0.85 = 800. दशांशाचा भागाकार जड वाटला तर एकमान पद्धत आहेच. 85 चे 680, म्हणून एकाचे 8, शंभराचे 800.

लागोपाठच्या बदलांतही तेच. 500 रुपयांवर 20 टक्के वाढ आणि मग 20 टक्के घट झाली तर किंमत जागेवर येते, असं मोठी माणसंसुद्धा सांगतात. 1.2 × 0.8 = 0.96, म्हणजे 480 रुपये, शेकडा 4 तोटा. आठवीत चक्रवाढ व्याज येतं, त्यातलं सूत्र म्हणजे हीच पट दर वर्षी पुन्हा लावणं. ज्यानं पट ओळखली त्याला ते सूत्र घोकावं लागत नाही.

ही रीत परकी वाटत असेल तर घरातल्या आजोबांना विचारा. त्यांच्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले होते. सवायकी म्हणजे 25 टक्के वाढीची पट, दिडकी म्हणजे 50 टक्के वाढीची, पाऊणकी म्हणजे 25 टक्के घटीची. म्हणून मी सुरुवात 0.85 पासून करत नाही, सव्वापट आणि पाऊणपट यांपासून करतो. कांदा क्विंटलला 2000 वरून 1500 वर आला तर पाऊणपट झाला, घट 25 टक्के. पुन्हा 2000 ला जायचं तर 1500 वर 500 वाढायला हवेत, म्हणजे वाढ 33⅓ टक्के. पाया बदलला की टक्का बदलतो.

हा पाया शिकवायला आपल्याकडे उजनीइतकं चांगलं उदाहरण नाही. पावसाळ्यात धरण 40 टक्क्यांवरून 50 वर गेलं, तर वाढ किती? हे टक्के 53.57 टीएमसी (अब्ज घनफूट) उपयुक्त साठ्यावरचे असतात. त्या मापानं वाढ दहा टक्केबिंदूंची, सुमारे 5.36 टीएमसी. आधीच्या उपयुक्त पाण्याच्या तुलनेत ती 25 टक्के. खालचा 63.66 टीएमसी मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या तळाखालचं पाणी, धरून आधीच्या एकूण पाण्याशी ताडली तर जेमतेम 6.3 टक्के. पाणी तेवढंच, उत्तरं तीन. उन्हाळ्यात उजनी 'उणे' का जाते, हेही मुलांना इथंच कळतं: मृतसाठ्यातलं पाणी वापरलं तरी टक्के उपयुक्त साठ्यावरच मोजतात.

लागोपाठच्या बदलांची तयार सूत्रं शिष्यवृत्तीच्या वर्गांत पाठ करून घेतात. वेळ वाचतो खरा, पण पट न कळता पाठ केलेल्या सूत्रात घटीचं उणे चिन्ह हमखास विसरतं. ती शेवटी.

तर माझं मत असं: सातवीपर्यंत पायरीची रीत, पण प्रत्येक गणिताआधी 'कशाचे टक्के?' हे वहीत लिहायला लावा. आठवीच्या सुरुवातीला पटीवर या, चक्रवाढ व्याजाचा धडा येण्याआधी. मूल तयार झालं की नाही हे पाहायचं असेल तर त्याला 680 चं उलटं गणित घाला. उत्तर 782 आलं तर पटीची घाई नको. आधी एकमान पद्धतीनं आठवडाभर तशीच गणितं सोडवून घ्या.