ऑनलाइन गृहपाठाचे सर्व्हर लॉग आणि डकडीबी : काही महिन्यांच्या वापरानंतर

विद्यार्थी गृहपाठ कसा सोडवतात हे सर्व्हर लॉगमधून (आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टच्या नोंदींतून) शोधायला डकडीबी ही डेटाबेस प्रणाली वापरली. तिची सोय पहिल्या दिवसापासून कळते. वेगळा डेटाबेस सर्व्हर चालवावा लागत नाही आणि जीझिप (दाबून लहान केलेल्या) फायली न उलगडता वाचता येतात. शैक्षणिक सत्रभराचे लॉग एकदा पार्के या रकानेवार साठवणाऱ्या फायलींत ठेवले की पुढच्या क्वेरी झटपट होतात. वेगाबद्दल तक्रार नाही. खरी डोकेदुखी आहे ती लॉगमध्ये मुळात काय लिहिलं जातं याची.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा ‘कंबाइंड’ हा लॉग फॉरमॅट या कामाला अपुरा आहे. वेळ सेकंदापर्यंतच असते आणि युजरच्या जागी बहुतेक वेळा नुसता डॅश, कारण तो रकाना बेसिक ऑथेंटिकेशन (वेब सर्व्हरनेच नाव-पासवर्ड मागणं) असेल तरच भरतो. आयपीवरून विद्यार्थी ओळखायला जाऊ नये. अख्खी लॅब एका आयपीमागे असू शकते. त्यापेक्षा ॲपने विद्यार्थ्याचा हॅश केलेला (मूळ ओळख लपवलेला) क्रमांक रिस्पॉन्स हेडरमध्ये, म्हणजे उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीत, पाठवावा, एनजिनएक्सने तो लॉगमध्ये लिहावा आणि ब्राउझरकडे जाण्याआधी हेडर लपवावं. फॉरमॅट जेसॉन ठेवावा, मिलिसेकंदांसाठी ‘एमसेक’ आणि ‘रिक्वेस्ट टाइम’ (रिक्वेस्टला लागलेला वेळ) घ्यावेत. एमसेक ही नोंद लिहिल्याची, म्हणजे रिक्वेस्ट संपल्याची वेळ असते. सुरुवात हवी तर त्यातून रिक्वेस्ट टाइम वजा करावा लागतो.

उत्तर बरोबर की चूक, हे ॲक्सेस लॉगमध्ये नसतंच. पोस्ट रिक्वेस्टमधून पाठवलेला मजकूर तिथे उतरत नाही. ते ॲपच्या तक्त्यातून आणायचं. डकडीबी पोस्टग्रेस, मायएसक्यूएल किंवा एसक्यूलाइट जोडून घेते, त्यामुळे लॉग आणि तक्ता जुळवणारा जॉइन तिथल्या तिथे होतो. हे सगळ्यात उपयोगी पडलं.

एका प्रश्नाला किती वेळ लागला, हे काढायला ‘लीड’ (पुढच्या नोंदीची वेळ आणणारं) फंक्शन पुरतं, पण आकडा सहज फसवतो. टॅब उघडा असला की ऑटोसेव्हच्या रिक्वेस्ट येतच राहतात, त्या आधी गाळाव्यात. ३० मिनिटांहून मोठी फट पडली की नवं सेशन धरावं. सेशनमधल्या शेवटच्या प्रश्नानंतर नोंद नसेल तर त्याचा वेळ रिकामा ठेवावा, शून्य नव्हे. आणि सरासरीऐवजी मध्यक घ्यावा.

मुदतीच्या शेवटच्या तासात प्रयत्नांची संख्या उसळली, की ‘मुलं अंदाजपंचे उत्तरं देतायत’ असं वाटतं. आधी त्याच तासाचा रिक्वेस्ट टाइम बघा. पान अडकलं की सबमिट पुन्हा दाबलं जातं. एकाच विद्यार्थ्याचं, त्याच प्रश्नाचं, तेच उत्तर दोन-तीन सेकंदांत परत आलं तर तो एकच प्रयत्न. लॉगमधला ४९९ हा स्टेटस कोड म्हणजे ब्राउझरने वाट पाहणं सोडलं. उत्तर तरीही जतन झालेलं असू शकतं, म्हणून अशा ओळी ॲपच्या तक्त्याशी ताडून मगच उडवाव्यात.

डकडीबीचे त्रास मोजके. रकान्याचा प्रकार ती नमुन्याच्या ओळींवरून ठरवते. ‘अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम’मध्ये (मागच्या ॲप सर्व्हरने उत्तराला घेतलेल्या वेळेत) कधी डॅश येतो, तर एकाहून जास्त सर्व्हर गाठावे लागले की स्वल्पविरामाने जोडलेले दोन आकडे, आणि मग आयात अडते. तो रकाना मजकूर म्हणून वाचून ‘ट्राय कास्ट’ (आकडा करता आला नाही तर जागा रिकामी ठेवणारं) वापरावं. शिवाय एका प्रोसेसने डेटाबेस लिहिण्यासाठी उघडला की दुसरीला तो उघडत नाही. नोटबुक आणि टर्मिनल एकदम वापरणाऱ्यांना हे खटकेल.

लॉगरोटेटकडे (जुने लॉग बाजूला करून पुसणाऱ्या साधनाकडे) मात्र सुरुवातीलाच बघा. डेबियनच्या एनजिनएक्स पॅकेजमध्ये लॉग रोज फिरतो आणि १४ जुन्या फायलीच राहतात, म्हणजे शैक्षणिक सत्राचा डेटा पंधरवड्यात गायब. वर ताज्या दोन फायली जीझिप झालेल्या नसतात. फक्त जीझिप फायली वाचल्यात तर नेमके मुदतीचे दिवस सुटतात.